'व' धरून तीन शब्द

३ जानेवारी

समितीचे इतिवृत्त मीच लिहितो. पण इतिवृत्तात 'सविस्तर चर्चा झाली' एवढेच लिहायचे असते. कोण काय बोलले आणि कोणाला काहीच कळले नाही, याला त्यात जागा नसते. म्हणून ही वेगळी वही. उद्या या चळवळीचा इतिहास कोणाला लिहावासा वाटला, तर निदान एक साधन तरी शुद्ध मराठीत असावे.

आधी माझ्याविषयी. सरकारी छापखान्यात मी चौतीस वर्षे मुद्रितशोधक होतो, त्यातली शेवटची नऊ मुख्य मुद्रितशोधक. राजपत्राचे पान छापण्याआधी माझ्या डोळ्यांखालून जायचे. या काळात माझ्या हातून गेलेल्या एकाही पानाला शुद्धिपत्रक काढावे लागले नाही. हे मी म्हणत नाही, निरोप समारंभात व्यवस्थापक म्हणाले. आमच्या हिचे म्हणणे असे की व्यवस्थापक एकदाच म्हणाले, मी मात्र आठवड्यातून दोनदा म्हणतो. तिने मोजले आहे.

तिला मोजायची सवयच आहे. आमच्या समोर सूत रंगवायचा कारखाना आहे. तिथल्या प्रयोगशाळेत ती अठ्ठावीस वर्षे बॉयलरचे पाणी तपासायची. निवृत्त झाल्यापासून गॅलरीत खुर्ची टाकून फाटकातून आत जाणाऱ्या कोळशाच्या गाड्या मोजते. अकरा वर्षे झाली, अकरा वह्या भरल्या. किती कोळसा जळला आणि त्यातून किती टन वायू वर गेला, याचा हिशेब शेवटच्या रकान्यात असतो. एक टन कोळसा जाळला की दोन टनांहून जास्त वायू निघतो, हे मला बरेच दिवस पटत नव्हते. जळल्यावर वस्तू कमी व्हायला हवी. ती म्हणाली, "हवेतला प्राणवायू येऊन चिकटतो त्याला. तुम्हाला कशी माणसं चिकटतात, कौतुक करणारी, तसा."

त्या वह्यांतून आमची समिती उभी राहिली. प्रत्येक बॉयलरच्या कार्बनवर सरकारने नियमाने मर्यादा घालावी, मोडेल त्याला दंड करावा, ही आमची एकच मागणी. 'हवामान नियम आग्रह समिती' हे नाव मी सुचवले. अध्यक्ष कोपऱ्यावरचे दंतवैद्य आहेत, कारण बसायला जागा त्यांच्याकडे आहे. सचिव मी. ही नुसती सदस्य आहे.

९ जानेवारी

दंतवैद्यांच्या प्रतीक्षा कक्षात बैठक. भिंतीवर दाढेचे मोठे चित्र, त्याखाली अध्यक्ष.

आज रंगकारखान्याचे मालक स्वतः आले. बॉयलर-मालकांच्या संघटनेचे ते प्रमुख. हसतमुख माणूस. गेल्या महिन्यात त्यांनी धुराड्याला हिरवा रंग दिला आणि फाटकावर 'हरित कारखाना' अशी पाटी लावली. येताना जाड कागदावर छापलेला 'स्वेच्छा-संकल्प' घेऊन आले होते. नियम नको, आम्ही आपणहून करतो, असा त्याचा मथितार्थ. वाचून दाखवला: "आम्ही स्वेच्छेने व आपखुशीने, परिस्थिती अनुकूल झाल्यास, उत्सर्जन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची भावना बाळगतो."

"भावना चांगली आहे," अध्यक्ष म्हणाले.

"किती टन आहे?" हिने विचारले.

मालक मोठ्याने हसले. "बाई, अठ्ठावीस वर्षं आमच्याकडे होतात. एवढा राग का आमच्यावर?"

"राग नाही हो. थोरल्याला मी ओळखते ना." थोरला म्हणजे त्यांच्याकडचा मोठा जुना बॉयलर. दुसरा लहान, तो धाकटा. "तो आपखुशीनं बंद व्हायचा नाही. मला सांगा, तुमची गाडी लाल दिव्याला थांबते ती कशामुळे? संकल्पामुळे?"

"ते ड्रायव्हरला विचारा. मी मागं बसतो."

"तेच म्हणते मी. तुम्ही सगळे मागं बसलाय. नियम ड्रायव्हरसाठी हवाय."

वातावरण जरा तापले होते. मी मालकांच्या लक्षात आणून दिले की 'स्वेच्छेने' आणि 'आपखुशीने' ही पुनरुक्ती आहे, एक शब्द पुरे. त्यांनी तत्काळ पेन काढून 'आपखुशीने' खोडला आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. सुधारणा इतक्या मोकळ्या मनाने स्वीकारणारा माणूस मी पाहिला नव्हता. घरी येताना हिला तसे म्हणालो. ती म्हणाली, आज नऊ गाड्या गेल्या.

२१ जानेवारी

मोठी बातमी. खात्याने नियम करायचे मान्य केले. हिच्या वह्यांचा गोषवारा वर्तमानपत्रात छापून आल्यावर तिथे हालचाल झाली म्हणे. गोषवाऱ्यातले स्वल्पविराम मी तपासले होते.

तिसरे कलम म्हणजे नियमाचा जीव, असे ही म्हणते, आणि ते तिने लिहून दिले तसेच्या तसे घेतले आहे: "ही मर्यादा अस्तित्वात असलेल्या व नव्याने उभारल्या जाणाऱ्या सर्व बाष्पकांना लागू राहील."

हिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, कारखान्यात बॉयलर सांभाळतो. संध्याकाळी आला होता. त्याने विचारले, "ताई, बाष्पक म्हणजे काय गं?"

"सव्वीस वर्षं ज्याच्या शेजारी उभा आहेस ते."

"थोरला? त्याला बाष्पक म्हणतात? सांगायला पाहिजे त्याला."

आजच खात्याचे पत्रही आले. मसुद्याची भाषा नजरेखालून घालण्यासाठी समितीने एखादा जाणकार पाठवावा, असे उपसचिवांनी कळवले आहे. एखादा जाणकार. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. मीही माझ्याकडेच पाहत होतो.

"जा," ही म्हणाली. "फक्त तिसऱ्या कलमाला हात लावू नका."

"मी व्याकरण बघायला चाललोय. कायदा नाही."

"त्याचीच भीती वाटते मला."

मी शब्द दिला.

२८ जानेवारी

आयुष्यातला एक चांगला दिवस.

उपसचिवांच्या खोलीत यंत्राने इतका गारवा केला होता की साहेब स्वेटर घालून बसले होते. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, भर दुपारी चार दिवे. उठून उभे राहिले आणि म्हणाले, "शुद्धिपत्रकाशिवाय चौतीस वर्षं, ते तुम्हीच ना?" कीर्ती अशी पुढे जाते. बाहेर शिपायाला मी ते सांगितले होते हे खरे, पण त्याने आत जाऊन सांगितलेच असेल असे नाही.

मुद्रितशोधकाचे दुःख मुद्रितशोधकालाच माहीत. आम्हाला शब्द बदलायचा अधिकार नसतो. वेलांटी बघायची, अनुस्वार बघायचा, मूळ प्रतीशी ताडून पुढे जायचे. अर्थ वाचायचा नाही. अर्थात शिरले की अक्षरे निसटतात, हे मी हाताखालच्यांना शिकवत आलो. चौतीस वर्षांत किती बोजड वाक्ये मी मनातल्या मनात हलकी केली असतील. आज साहेबांनी स्वतःचे हिरव्या शाईचे पेन माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "मोकळेपणानं करा."

पहिल्या दोन कलमांत सात दुरुस्त्या केल्या. साहेब प्रत्येक दुरुस्तीला "वा" म्हणत होते. तिसऱ्याला हात लावणार नव्हतो. शब्द दिला होता. पण साहेबच म्हणाले, "हे वाक्य जरा जड वाटतं, नाही? तुमच्यासारख्याला तर खटकत असणार."

खटकतच होते. 'सर्व' म्हटल्यावर 'अस्तित्वात असलेल्या' कशाला? अस्तित्वात नसलेला बॉयलर धूर सोडतो काय? आहे तेच अस्तित्वात असते. मी हे बोलून दाखवले. साहेबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "किती सोपं करून सांगितलंत."

मी 'अस्तित्वात असलेल्या व' एवढे खोडले. मग त्याच न्यायाने 'नव्याने उभारल्या जाणाऱ्या' यावरही पेन टेकवले; 'सर्व'मध्ये तेही येतातच. साहेबांनी हलकेच माझे मनगट धरले. "ते असू द्या. वाक्याला एक लय आहे." पुन्हा वाचले: "ही मर्यादा नव्याने उभारल्या जाणाऱ्या सर्व बाष्पकांना लागू राहील." खरेच लय होती. अधिकाऱ्याला इतका कान असतो हे मला ठाऊक नव्हते.

प्रत्येक दुरुस्तीशेजारी त्यांनी माझी सही घेतली. पद्धत आहे म्हणाले.

हिला अजून सांगितलेले नाही. शब्द मोडला असे तिला उगाच वाटायचे. छापून आल्यावर तिच्यापुढे ठेवीन. वाचताना कुठे अडखळली नाही की तिला आपोआप कळेल.

४ फेब्रुवारी

साहेबांचे आभाराचे पत्र आले. जावक क्रमांक, शिक्का, सगळे रीतसर. त्यातले एक वाक्य उतरवून ठेवतो: "आशयाला यत्किंचितही धक्का न लावता आपण केलेल्या केवळ भाषिक दुरुस्त्यांमुळे मसुदा सुबोध झाला आहे." 'यत्किंचितही'मधली वेलांटी बरोबर आहे.

दुपारीच चौकट करून आणली आणि बैठकीच्या खोलीत, घड्याळाखाली लावली. खिळा ठोकताना ही शेजारी येऊन उभी राहिली.

"कोणकोणत्या कलमांत दुरुस्त्या केल्यात?"

"थोड्या थोड्या सगळीकडे."

"तिसऱ्यात?"

"चौकट सरळ आहे का बघ जरा."

तिने पाहिले. "डावीकडे झुकलीय," म्हणाली.

१२ फेब्रुवारी

वाण्याच्या दुकानासमोर मालकांची गाडी थांबली. ते स्वतः उतरले आणि भर रस्त्यात माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "काका, तुमच्यासारखी माणसं समितीत आहेत म्हणून बरं. नाहीतर आम्ही कुठं गेलो असतो?" विरोधकानेही मान द्यावा, याहून मोठी पावती नाही. मी म्हणालो, भाषेला पक्ष नसतो. ते म्हणाले, "हे लिहून ठेवा कुठंतरी." ठेवले.

२० फेब्रुवारी

मेहुणा चहाला आला. म्हणाला, मालकांनी थोरल्याला आतून नवी वीट लावायला घेतली आहे, बाहेरून रंग, नवी झडप. "आणखी वीस वर्षं खेचेल, म्हणतात." आणि विजेवर चालणाऱ्या नव्या बॉयलरची मागणी नोंदवली होती, ती रद्द केली.

"रद्द?" ही म्हणाली.

"हो. फोनवर कोणाला तरी सांगत होते, नवीन आणला तर त्याला नियम लागतो, हा आहे तो बरा. मग आम्हाला म्हणाले, थोरल्याला जपा रे, आता तो लाखात एक आहे. कापड घेऊन स्वतः पुसत होते, भावोजी. मला सव्वीस वर्षांत कधी 'कसा आहेस' म्हणाले नाहीत."

मी म्हणालो, यात नवल नाही. नियम येणार म्हणून जुन्या यंत्राची डागडुजी करून घेतायत. कायद्याचा धाक असा आधीच काम करू लागतो. मेहुण्याने बशीतला चहा संपवला आणि आपल्या बहिणीकडे पाहिले. ही माझ्याकडे पाहत होती. मग उठून गॅलरीत गेली. चहा निवला तरी आली नाही.

२६ फेब्रुवारी

राजपत्र आले. मसुदा छापला आहे, तीस दिवसांत हरकती मागवल्या आहेत. छपाई स्वच्छ. मी हिच्यापुढे पान उघडून ठेवले आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो, तिला सलग वाचता यावे म्हणून.

ती अडखळली नाही. थांबली.

तिसऱ्या कलमावर बोट ठेवून म्हणाली, "अहो, 'अस्तित्वात असलेल्या' कुठं गेलं?"

मी समजावून सांगितले. 'सर्व'मध्ये सर्व येतात. अस्तित्वात नसलेला बॉयलर धूर सोडत नाही. लयीचेही सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकले.

"नव्याने उभारल्या जाणाऱ्या सर्व," ती एकेक शब्द वेगळा करत म्हणाली. "नवीन असतील तेवढे सर्व. थोरला नवीन आहे का?"

"नाही."

"धाकटा?"

"नाही."

"या अख्ख्या भागात जे बॉयलर आज जळतायत, त्यांतला एक तरी नव्याने उभारला जाणार आहे का?"

मी वाक्य पुन्हा वाचले. एखादी वेलांटी उलटी छापलेली असावी आणि आपण ती शंभर वेळा पाहूनही पाहिलेली नसावी, तसे झाले. वाक्यात काहीही अशुद्ध नव्हते. फक्त थोरला त्यातून बाहेर निघून गेला होता, आणि दार मी उघडले होते.

"किती शब्द वाचवलेत?" तिने विचारले. आवाज चढलेला नव्हता.

"तीन," मी म्हणालो. "'व' धरून."

तिने अकरा वह्या टेबलावरून उचलल्या आणि आतल्या कपाटात ठेवल्या. मग एवढेच म्हणाली, "चौतीस वर्षं कायदे वाचलेत. एकही कळला नाही."

२७ फेब्रुवारी

आज ती गॅलरीत बसली नाही. मी बसलो. आठ गाड्या. एखादी निसटली असेल, मला सवय नाही.

२ मार्च

साहेबांना भेटलो. आज उठून उभे राहिले नाहीत. स्वेटर तोच होता. म्हणाले, दुरुस्ती समितीच्या सचिवांनी स्वहस्ते केली आहे, शेजारी सही आहे, तेव्हा समितीनेच आपली मागणी नव्या बॉयलरपुरती मर्यादित केली, असे खात्याने धरले. "तुमचा मोठेपणा म्हणूनच आम्ही त्याकडे पाहिलं."

मी लयीची आठवण करून दिली.

"कसली लय?" ते म्हणाले.

बाहेर शिपायाने विचारले, "चौतीस वर्षंवाले ना?" मी नाही म्हणालो.

९ मार्च

हरकतीचा अर्ज तयार. अकरा पाने. 'अस्तित्व' या शब्दाच्या व्युत्पत्तीपासून सुरुवात करून पुनरुक्ती केव्हा दोष नसते इथपर्यंत आणले आहे. हे माझे सर्वोत्तम लेखन आहे असे वाटते. गेल्या अकरा दिवसांत ही माझ्याशी 'जेवायला या' आणि 'दार लावा' याशिवाय काही बोललेली नाही, तरी तिच्यापुढे ठेवले. तिने पहिले पान वाचले, शेवटचे वाचले.

"यात 'मी चुकलो' कुठंय?"

"सहाव्या पानावर. 'अनवधानाने अर्थसंकोच केला गेला' असं म्हटलंय."

"कोणाकडून केला गेला?"

मी म्हणालो की तिथे कर्मणी प्रयोग योजला आहे.

"तेच म्हणते," ती म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं त्या कारखान्यात होते. काहीही बिघडलं की तिथंही कर्मणीच योजायचे. पाणी सोडलं गेलं. धूर सोडला गेला. कोणी सोडला, ते कधी नाही. म्हणून तर नियम मागत होते मी. कोणाचं तरी नाव लागावं म्हणून."

पाने माझ्या हातात परत दिली.

सुनावणी सोळाला आहे. तिथे मी चूक कबूल केली तर काय होईल याचा विचार करतो आहे. छापखान्यातली सगळी मंडळी वर्तमानपत्र वाचतात.

१६ मार्च

सविस्तर लिहितो.

सभागृह भरलेले होते. एका बाजूला संघटनेचे बॉयलर-मालक, मागच्या रांगेत मेहुणा आणि त्याचे सोबती. सुनावणीला दुसऱ्या खात्यातून एक अधिकारी बाई आणल्या होत्या; सगळे त्यांना मॅडम म्हणत होते. साहेब त्यांच्या शेजारी बसले होते. घरातून निघताना हिने एक कापडी पिशवी घेतली होती. बैठकीच्या खोलीत घड्याळाखाली नुसता खिळा दिसत होता, पण मी विचारले नाही.

मालक आधी बोलले. गोड बोलले. म्हणाले, पृथ्वी आपली सर्वांची आहे आणि समितीच्या मागणीला संघटनेचा पूर्ण पाठिंबा आहे. "नव्या बॉयलरना मर्यादा घाला, असं समितीच म्हणते. आम्ही शब्दही बदलायला सांगत नाही. नियम इतका सुंदर लिहिलाय." साहेबांनी माझ्या हिरव्या दुरुस्तीचे पान मॅडमपुढे सरकवले.

मग माझे नाव पुकारले. तीन मिनिटे होती. मी अकरा पाने काढली आणि 'अस्तित्व' शब्दाच्या मुळाशी शिरलो. दुसऱ्या परिच्छेदाला मॅडम म्हणाल्या, "काका, थोडक्यात."

मी पाने चाळली. सहावे काढले. कर्मणी प्रयोग समोर दिसत होता. मागे वळून पाहिले. ही सरळ माझ्याकडे पाहत होती, पहिल्यांदाच, सव्वीस फेब्रुवारीपासून. पाने घडी करून खिशात घातली.

"मी चुकलो," मी म्हणालो. "हे तीन शब्द मी खोडले. समितीनं नाही. समितीला मी सांगितलंही नव्हतं. बायकोला शब्द दिला होता, हात लावणार नाही म्हणून, तोही मोडला. वाक्य जड वाटलं म्हणून हलकं केलं. चौतीस वर्षं राजपत्रं वाचली, पण अक्षरं वाचली. आज जळतायत त्या बॉयलरना नियम लागू नसेल तर हा नियम कशालाच लागू नाही. शब्द परत घाला. चूक माझ्या नावावर लिहा."

मालकांच्या बाजूला कोणीतरी हसले. साहेब म्हणाले, भावना समजू शकतो, पण लेखी संमती झालेली आहे. माझ्याविषयी बोलताना त्यांनी 'जाणकार' म्हटले नाही, 'संबंधित व्यक्ती' म्हटले.

तेव्हा ही पुढे आली आणि पिशवीतून चौकट काढून टेबलावर ठेवली. काचेवर अजून घरातली धूळ होती. मॅडमनी रुमालाने पुसली आणि मोठ्याने वाचले, "'आशयाला यत्किंचितही धक्का न लावता आपण केलेल्या केवळ भाषिक दुरुस्त्यांमुळे मसुदा सुबोध झाला आहे.' ही सही तुमची?"

"ते सौजन्याचं पत्र आहे," साहेब म्हणाले.

"सौजन्याला जावक क्रमांक घालता?"

साहेब पाणी प्यायले.

"आशय बदलला नाही, असं खातंच लेखी सांगतंय," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे नियम मूळच्या आशयानंच वाचायचा. अस्तित्वात असलेले आणि नवीन, दोन्ही. शुद्धिपत्रक काढा." मग माझ्याकडे वळून, "त्यात कोणाची चूक ते लिहीत नाहीत, काका. पण सुनावणीच्या नोंदीत तुमचं नाव राहील."

"राहू द्या," ही माझ्या वतीने म्हणाली.

बाहेर पायऱ्यांवर मालक भेटले. हसत होते, पण हात पुढे केला नाही. मेहुणा म्हणाला, "भावोजी, नियमातली दोन वर्षांची मुदत संपली की थोरल्याला विझवावं लागणार. विजेच्या बॉयलरला म्हणे कोळसा घालावा लागत नाही. मग मी तिथं उभं राहून करायचं काय?"

"शिकायचं," ही म्हणाली. "हे शिकले की नाही? या वयात?"

चौकट तिने परत आणली. भिंतीवर लावली नाही. कपाटात, अकरा वह्यांवर ठेवली आहे.

३ एप्रिल

छापखान्यात गेलो होतो. माझ्या हाताखालचा एक जण आता तिथे मुख्य आहे. शुद्धिपत्रकाचे मुद्रित तयार होते. जुनी ओळख म्हणून त्याने पाहू दिले. माझे पहिले शुद्धिपत्रक. चार ओळींचे.

नेहमीप्रमाणे अक्षरे वाचली. सगळी ठीक होती. वेलांट्या, अनुस्वार, पूर्णविराम. खाली सही करायची सवय, हात आपोआप खिशाकडे गेला. मग हिचे 'एकही कळला नाही' हे बोलणे आठवले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचले, या वेळी घरी बायकोला समजावून सांगायचे आहे असे समजून.

"कलम तीनमध्ये 'नव्याने' या शब्दापूर्वी 'अस्तित्वात नसलेल्या व' हे शब्द वाचावेत."

नसलेल्या.

मुख्याने मूळ प्रत काढली. मूळ प्रतीतही तसेच होते, उपसचिवांच्या कार्यालयातून तसेच आले होते, खाली सही आणि शिक्का. "आमचं काम मुळाबरहुकूम छापायचं," तो म्हणाला. "अर्थात शिरायचं नाही. तुम्हीच शिकवलंत."

मी म्हणालो, टंकलेखकाची चूक असणार, एका अक्षराचा तर फरक. तिथूनच हिला फोन केला. ती म्हणाली, "टंकलेखकाची?" मग म्हणाली, मॅडमचे कार्यालय साडेपाचपर्यंत उघडे असते, बसने जाऊ नका, रिक्षा करा.

पाच वाजता मॅडमनी स्वतःच्या हाताने 'न'चा 'अ' केला आणि शेजारी सही केली. साहेबांना फोन लावून एवढेच विचारले, "तुमच्या टंकलेखकाला सुट्टी हवी आहे का?" पलीकडून काय उत्तर आले ते ऐकू आले नाही. मी पुन्हा छापखान्यात गेलो आणि सुधारलेले मुद्रित हातात येईपर्यंत बाकावर बसून राहिलो.

घरी आलो तेव्हा ही गॅलरीत होती. बारावी वही मांडीवर.

"आज किती?"

"सात," ती म्हणाली. "झालं का काम?"

मुद्रिताची प्रत तिला दिली. तिने वाचली, पुन्हा वाचली आणि शेजारची खुर्ची पायाने माझ्याकडे सरकवली.

एक गोष्ट तिला सांगितली नाही, इथे लिहून ठेवतो. शुद्धिपत्रकाच्या शेवटच्या ओळीत 'प्रत्येक' आणि 'सर्व' हे दोन्ही शब्द आले आहेत. स्वच्छ पुनरुक्ती आहे. पेन्सिल खिशात होती.

राहू दिली.